स्पर्धा मुलांची, पैज मोठ्यांची

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की लहान वयातल्या स्पर्धांनी मुलांचे भले होते की नुकसान, हा प्रश्न कोल्हापुरात पालकसभेत, शिक्षकांच्या खोलीत आणि मैदानाकडेच्या कट्ट्यावर दरवर्षी निघतो आणि बक्षीस समारंभाच्या गडबडीत विरून जातो. मी बरीच वर्षे या शहरात क्रीडाशिक्षक होतो, शालेय कुस्ती आणि फुटबॉलच्या स्पर्धांत पंच म्हणून उभा राहिलो आणि आता निवृत्त असल्यामुळे कोणत्याही शाळेची वा संघटनेची बाजू सांभाळण्याची गरज मला उरलेली नाही. म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो. स्पर्धेने मुले बिघडत नाहीत आणि हरण्याने तर मुळीच बिघडत नाहीत. मात्र त्या निकालावर मोठी माणसे जे काही लावून बसतात, त्याचे ओझे बारा-तेरा वर्षांच्या जिवाला पेलत नाही, आणि हे ओझे अलीकडे इतके वाढले आहे की चौदा वर्षांखालील स्पर्धा आज ज्या रीतीने भरतात ती रीत मुलांच्या हिताची आहे असे मला म्हणवत नाही.

बोलणे मोघम राहू नये म्हणून कुस्तीतल्या वजनाच्या सकाळबद्दल लिहितो. प्रेक्षक मॅटवरची कुस्ती पाहतो. त्याआधी काट्यापाशी काय घडते ते त्याच्या दृष्टीस पडत नाही. चौदा वर्षांखालील मुलांसाठी ३५, ३८, ४१, ४४ असे किलोंचे गट असतात. सातवीतला एखादा मुलगा ३८ च्या गटात नाव देऊन आलेला असतो आणि काट्यावर भरतो ३८ किलो ४०० ग्रॅम. वजने घेण्याची वेळ संपायला तास-दीड तास उरलेला असतो. मग त्याच्या अंगावर दोन स्वेटर आणि वरून पावसाळी जर्किन चढते, आणि तो शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारू लागतो. आदल्या दुपारपासून त्याच्या पोटात पाणी नसते. तोंड इतके कोरडे पडलेले असते की थुंकीही सुटत नाही, म्हणून कुणीतरी त्याला चघळायला चिंच देते आणि तो रुमालात थुंकत राहतो. थोड्या थोड्या वेळाने कपडे उतरवून तो पुन्हा काट्यावर चढतो आणि आकडा बघायच्या आधी प्रशिक्षकाच्या चेहऱ्याकडे बघतो. बाजूला वडील केळी आणि ग्लुकोजच्या पाण्याची बाटली घेऊन उभे असतात. ती बाटली त्याला दिसते, पण मिळत नाही. “सर, चारशे ग्रॅमचं काय एवढं, जरा बघा की,” असे वडील पंचांना हळूच म्हणतात, आणि पंचांनी नकारार्थी मान हलवली की मुलाकडे वळून म्हणतात, “पळ, अजून दोन राउंड मार.” अखेर वजन बसते. मुलगा बाटली एका दमात रिकामी करतो, त्यातले निम्मे भिंतीकडेला जाऊन ओकतो, आणि दोन-एक तासांनी लाऊडस्पीकरवर त्याच्या नावाचा पुकारा होतो. अशी मुले प्रत्येक हंगामात दिसतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना यात काही वावगे चालले आहे असे वाटतही नाही, कारण तालमीतले मोठे पैलवान त्यांच्यासमोर हेच करत असतात.

मोठ्यांच्या गोष्टीही त्यांच्या कानांवर असतातच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटाच्या अंतिम लढतीच्या सकाळी विनेश फोगाट १०० ग्रॅमने जास्त भरल्या आणि स्पर्धेतूनच बाद ठरल्या. त्याच ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावत याने कांस्यपदकाच्या लढतीआधी एका रात्रीत साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवले आणि देशभर त्याच्या जिद्दीचे कौतुक झाले. ते खेळाडू प्रौढ होते आणि त्यांच्यासोबत डॉक्टर व आहारतज्ज्ञ होते, हा तपशील सातवीतल्या मुलापर्यंत पोहोचत नाही. ‘रात्रभर जागून वजन उतरवले’ एवढेच पोहोचते. खरे तर मुलांचे शरीर उन्हात आणि श्रमात मोठ्यांपेक्षा लवकर तापते, त्यांना घाम कमी सुटतो, आणि त्या वयात अन्नपाणी केवळ ताकदीसाठी नव्हे तर वाढीसाठी लागत असते. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस महाविद्यालयीन कुस्तीतले तीन तरुण मल्ल वजन उतरवण्याच्या खटाटोपात जेमतेम महिनाभराच्या अंतराने दगावले. ते विशीच्या आसपासचे होते, लहान मुले नव्हती. त्यानंतर तिथे रबरी सूट घालून व वाफेच्या खोल्यांत बसून घाम काढण्यावर बंदी आली आणि हंगामाच्या आधीच प्रत्येक मल्लाचे किमान सुरक्षित वजन ठरवून देण्याची पद्धत सुरू झाली. आंतरराष्ट्रीय कुस्ती महासंघानेही २०१८ पासून वजने आदल्या संध्याकाळऐवजी लढतीच्या दिवशी सकाळी घ्यायला सुरुवात केली, ती याच हेतूने की कोरड्या अंगाने वजन देऊन रात्रभरात ते भरून काढण्याची सोय राहू नये. आपल्या शालेय कुस्तीत मात्र त्यामुळे एवढाच फरक पडला, की पूर्वी मुलगा तहानलेला वजन देऊन रात्री जेवून झोपायचा, आता तो तहानलेलाच कुस्तीला उभा राहतो.

ज्युदोची जन्मभूमी असलेल्या जपानने यावर काय केले ते आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. तिथल्या ज्युदो महासंघाने २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा बंदच करून टाकली. मुलांना वजन घटवायला लावणे, पालकांनी आणि प्रशिक्षकांनी पंचांवर ओरडणे, काहीही करून जिंकण्याचा हट्ट, अशा तक्रारींना कंटाळून त्यांनी हा निर्णय घेतला. लहान मुलांचे ज्युदो शिकणे किंवा एकमेकांशी झुंजणे त्यांनी थांबवले नाही. राष्ट्रीय अजिंक्यपदाचा मुकुट तेवढा त्या वयातून काढून घेतला.

यावर अस्सल कोल्हापूरकर म्हणेल की हे शहरच स्पर्धेवर उभे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, देशभरातले मल्ल इथे आणले, १९१२ मध्ये खासबाग मैदान खुले केले. इथला फुटबॉल पेठापेठांच्या ईर्षेवर वाढला. मग ईर्षेलाच नावे कशाला ठेवायची? हा आक्षेप मी हलक्यावारी घेत नाही. परंतु ज्या परंपरेचा दाखला आपण देतो, तिच्यात लहान मुलांच्या झुंजी कशा होत हे नीट आठवून पाहावे. गावच्या जत्रेतले मैदान दुपारी सुरू होई तेव्हा पहिल्या कुस्त्या लहान पोरांच्या असत. त्या रेवड्यांवर किंवा नारळावर होत. गावातले वस्ताद किंवा पंच दोन पोरांना शेजारी उभे करून, खांद्याला खांदा लावून, नजरेने जोड ठरवत. अंगाने उजवा आणि डावा यांची गाठ सहसा घालत नसत, कारण एकतर्फी कुस्तीत बघणाऱ्यालाही गोडी नसे. जिंकणाऱ्याला दोन रेवड्या जास्त मिळत, हरणाराही मूठभर घेऊन जाई, आणि मोठ्या जोडी लागेपर्यंत कोण हरले कोण जिंकले हे कुणाच्या ध्यानात राहत नसे. त्या निकालाची कुठे नोंद होत नसे आणि त्यावर पुढच्या वर्षाचे काही ठरत नसे. मूल झुंजत होते, हरत होते, रडत होते आणि पुढच्या जत्रेत पुन्हा लंगोट कसून उभे राहत होते. जुने सारे सोन्यासारखे होते असे मला म्हणायचे नाही. वस्तादाच्या हातचा मार, परगावच्या पोरांनी तालमीत राहून काढलेले हाल, पोरीबाळींना आखाड्याचे दारही न दाखवणे, हे सगळे त्याच काळातले आहे. तरीही पोराच्या कुस्तीवर रेवडीपेक्षा अधिक काही लावायचे नाही, एवढी एक समज त्या मैदानाला होती.

आज त्याच वयाच्या मुलाच्या कुस्तीवर काय काय लागलेले असते? जिल्ह्यातून विभाग, विभागातून राज्य, तिथून राष्ट्रीय अशी शिडी, प्रत्येक पायरीचे प्रमाणपत्र, दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण आणि शासकीय नोकऱ्यांतले खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले, ही गोष्ट प्रत्येक कुस्तीप्रेमी बापाला पाठ आहे. दीड एकर ऊस, वर्षाआड लांबणारे कारखान्याचे बिल आणि घरात एक अंगापिंडाने बरा मुलगा असलेल्या माणसाने या शिडीकडे आशेने पाहिले तर त्याला मी दोष देणार नाही. तो मुलाला शहरातल्या तालमीत किंवा निवासी अकॅडमीत ठेवतो, दूध-तूप-बदामाचा खुराक पुरवतो, त्यासाठी सोसायटीचे कर्ज काढतो आणि मग ते कर्ज नकळत मुलाच्या अंगावर चढते. हरून आलेल्या मुलाला बाप रागावत नाही. पण जेवताना दुधाचा भाव सांगतो. ते ऐकून मुलाला जे कळायचे ते कळते. क्रीडागुण आणि आरक्षण हे खेळाडूला न्याय देण्यासाठी आले आणि ते राहावेत. मात्र त्यांच्यापायी बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आली, यावरून खेळापेक्षा कागद किती मोठा झाला आहे ते दिसते.

वयचोरीही याच कागदाची बहीण. चौदा वर्षांखालील सामन्यात मिसरूड फुटलेला मुलगा दिसला की सगळे गालात हसतात, समोरच्या संघाचा शिक्षक हरकत घेतो, आणि जन्मदाखला बघितला की तो अगदी नियमात असतो. क्रिकेट नियामक मंडळाला कनिष्ठ गटांसाठी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय तपासण्याची पद्धत आणावी लागली, ती उगाच नाही. यात पकडला गेला तर मुलगा बदनाम होतो. दाखल्यावरची तारीख मागे-पुढे करणारे हात मात्र मोठ्यांचे असतात.

आता मुद्दा येतो ज्यांच्याबद्दल कधीच कुणी लिहीत नाही अशा मुलांचा. आपल्या शालेय सांघिक स्पर्धा बहुतांश बाद पद्धतीने होतात. बत्तीस शाळांचे संघ उतरले तर पहिल्या फेरीनंतर सोळा संघ घरी जातात. म्हणजे निम्म्या मुलांचा त्या वर्षीचा हंगाम एका सामन्यात आटोपतो, आणि जे राखीव म्हणून बसले होते त्यांचा तर मैदानात पाय न ठेवताच आटोपतो. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे चांगला दम लागेल अशी हालचाल हवी असे सांगते. ज्या मुलांना या हालचालीची आणि सरावाची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांनाच आपली स्पर्धा सर्वांत आधी बाहेर काढते, आणि जी मुले आधीच तरबेज आहेत त्यांना सामन्यामागून सामने मिळत राहतात. ‘जग स्पर्धेचे आहे, मुलांना हार पचवायची सवय लहानपणीच लागली पाहिजे’ असे म्हणणारे पालक मला नेहमी भेटतात. हार पचवायला पुढच्या आठवड्यात पुन्हा सामना असावा लागतो. एकदाच हरून वर्षभर बाकावर बसणाऱ्या मुलाला एवढेच समजते की हे आपले काम नव्हे, आणि आठवीनंतर तो मैदानाकडे फिरकत नाही. मी पाहिलेल्या मुलांपैकी दुखापतीने खेळ सोडणारी थोडी. अशी हळूच गळून जाणारी कितीतरी जास्त.

बरे, बारा-तेराव्या वर्षी जिंकणारा मुलगा तरी पुढे जिंकतोच का? त्या वयात दोन मुलांच्या जन्मतारखा एकाच वर्षातल्या असल्या तरी शरीरांत दोन-तीन वर्षांचा फरक असू शकतो, कारण एक वयात आलेला असतो आणि दुसरा यायचा असतो. निवडीचे वर्ष ज्या तारखेपासून मोजतात तिच्यानंतर लगेच जन्मलेल्या मुलांचा भरणा कनिष्ठ संघांत जास्त असतो, हे जगभरच्या अभ्यासांत वारंवार दिसून आले आहे. अंगाने लवकर भरलेला मुलगा ताकदीवर रेटून जिंकतो, त्याला डाव शिकण्याची निकड भासत नाही. सतराव्या वर्षी बाकीचे त्याच्या बरोबरीला आले की तो अडखळतो आणि सगळ्यांना नवल वाटते. ज्या लहानखुऱ्या मुलाकडे डोके होते, चपळाई होती, त्याला आपण तोवर घरी पाठवलेले असते.

कोल्हापूरची स्वतःची उदाहरणे या बाबतीत बोलकी आहेत. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले तेव्हा तो एकोणतिसाव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर होता, आणि ते त्याचे पहिलेच ऑलिंपिक होते. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या आणि ऑलिंपिकला प्रथम गेल्या त्या २०२१ मध्ये टोकियोला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. नेमबाजी हा सबुरीचा खेळ आहे आणि जलतरणात गणित वेगळे असते, हे मान्य करायलाच हवे: आपला वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सतरा वर्षेही पूर्ण व्हायच्या आत पोहला. पण असा एखादा वीरधवल निघतो म्हणून तरणतलावावरच्या प्रत्येक दहा वर्षांच्या मुलाला पहाटे पाचला स्टॉपवॉच दाखवायचे का, याचे उत्तर पालकांनी शांतपणे द्यावे. खाशाबा जाधवांची गोष्ट तर आपण येता-जाता सांगतो. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे कमी पडत होते तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले. ते घर एका सव्वीस वर्षांच्या माणसासाठी गहाण पडले होते, ज्याने चार वर्षांपूर्वी लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावा क्रमांक मिळवून स्वतःला सिद्ध केले होते आणि आपला मार्ग आपण निवडला होता. दहा वर्षांच्या मुलावर दागिने गहाण टाकणाऱ्याने खाशाबांचा दाखला देऊ नये.

परदेशांत सगळे शहाणे आणि आपणच वेडे, असा सूर मला लावायचा नाही. पण नॉर्वेचा अनुभव सांगण्यासारखा आहे. तिथे १९८७ पासून मुलांच्या खेळासाठी देशपातळीवर नियम आहेत. अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धांत निकालांच्या याद्या आणि क्रमवारी लावत नाहीत, आणि तेराव्या वर्षापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेत मुलांना उतरवत नाहीत. तोवर मुले भरपूर खेळतात, एकाहून अधिक खेळ खेळतात, स्थानिक सामनेही खेळतात. पंचावन्न लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदके जिंकली. तोपर्यंत एका हिवाळी ऑलिंपिकमध्ये इतकी सुवर्णपदके कोणत्याही देशाला मिळाली नव्हती. त्यांच्याकडे पैसा आहे, बर्फ आहे, प्रत्येक गावात मैदान आहे, आणि हे यश केवळ त्या नियमांमुळे आले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. लहानपणी अजिंक्यपदाची घाई केली नाही तर पुढे पदके मिळत नाहीत, हा आपला समज मात्र त्या उदाहरणापुढे टिकत नाही.

शरीराच्या झिजेबद्दल डॉक्टरांनी लिहावे, मी थोडक्यात सांगतो. वाढत्या मुलाच्या हाडांच्या टोकांना वाढीची मऊ कूर्चा असते आणि एकाच प्रकारचा ताण महिनोन्‌महिने पडला तर ती दुखावते. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन लंगडणारी बारा-तेरा वर्षांची फुटबॉलपटू मुले आणि खांदा धरून बसणारे कोवळे वेगवान गोलंदाज प्रत्येक शाळेत सापडतील. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना आठवड्यातून किमान एक दिवस आणि वर्षातून एकूण दोन-तीन महिने त्या विशिष्ट खेळापासून मुलाला सुटी द्यावी असे सुचवते. आपल्या अकॅडम्यांच्या जाहिरातीत ‘बारमाही प्रशिक्षण’ हे गुण म्हणून छापलेले असते. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी संकोचामुळे बोलली जात नाही. खाणे कमी आणि सराव फार झाला की मासिक पाळी लांबते किंवा थांबते, आणि तिच्याबरोबर हाडेही ठिसूळ होत जातात. आता कुस्ती, कबड्डी, धावणे यांत खेड्यापाड्यांतून मुली मोठ्या संख्येने येत आहेत, ही फार आनंदाची बाब आहे; पण त्यांच्यासोबत येणारे मार्गदर्शक बहुतेक पुरुष असतात आणि ही तक्रार सांगायची कुणाला, हे त्या मुलींना कळत नाही. प्रत्येक संघाबरोबर एक तरी शिक्षिका असलीच पाहिजे. याची कारणे एवढीच नाहीत, हे वाचकांना सांगायला नको.

आता नेमके काय करावे असे मला वाटते ते लिहितो. यांतल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, जिल्हा पातळीवर ठरवले तर येत्या हंगामातही होऊ शकतात. बारा वर्षांखालील मुलांसाठी अकॅडम्या आणि संघटना जी ‘जिल्हा अजिंक्यपदे’ भरवतात ती बंद करावीत आणि त्यांच्या जागी दोन-तीन शाळांनी मिळून दर शनिवारी सामने ठेवावेत, ज्यांत नाव दिलेल्या प्रत्येक मुलाला ठरावीक वेळ खेळवणे सक्तीचे असेल. चौदा वर्षांखालील सांघिक खेळांत पहिल्या फेऱ्या गटवार साखळीने घ्याव्यात, म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला किमान तीन सामने येतील. मैदाने कमी आहेत ही अडचण खरी आहे, पण सामन्यांची वेळ कमी करून ती बरीच सुटते. कुस्तीत शाळा सुरू होताच, मुलगा पोटभर जेवलेला असताना, प्रत्येकाचे वजन घेऊन ते डॉक्टरांच्या सहीने नोंदवावे आणि त्याखालच्या गटात त्या वर्षी त्याला उतरू देऊ नये. स्पर्धेच्या सकाळी एखादा ४०० ग्रॅमने जास्त भरला तर त्याला तिथल्या तिथे वरच्या गटात खेळण्याची मुभा द्यावी, म्हणजे मैदानाला फेऱ्या मारण्याचे कारणच उरणार नाही. वरच्या गटात तो कदाचित हरेल. हरू द्यावे.

फुटबॉल सामन्यांत पालक आणि समर्थक यांना रेषेपासून दूर बसवावे आणि मुलांच्या सामन्यात शिवीगाळ करणाऱ्या मोठ्या माणसाला पंचाने बाहेर काढण्याची तरतूद असावी. शाहू स्टेडियमवर मोठ्यांच्या सामन्यांत पेठांच्या समर्थकांचे जे प्रकार अधूनमधून होतात, ते बघतच दहा वर्षांची पोरे वाढतात आणि गोल झाल्यावर जर्सी काढून समोरच्या पेठेला डिवचण्याची कला त्यांना पास देण्याआधी अवगत झालेली असते. हा विषय स्वतंत्र पत्राचा आहे, म्हणून इथे वाढवत नाही.

शेवटची विनंती आपल्या वृत्तपत्राला, आणि ती नाराजी न मानता ऐकावी. हंगामात क्रीडा पानावर आठ-नऊ वर्षांच्या मुलांची छायाचित्रे गळ्यात पदक आणि हातात ढाल घेऊन छापून येतात, खाली ‘भावी हिंदकेसरी’ किंवा ‘उद्याचा ऑलिंपिकवीर’ अशी ओळ असते, आणि तो अंक घरातल्या काचेच्या कपाटात जातो. त्या मुलाला पुढची दोन-तीन वर्षे प्रत्येक पाहुणा ‘काय पैलवान, पुढचं पदक कधी?’ असे विचारतो. चौदा वर्षांखालील वैयक्तिक विजेत्यांची छायाचित्रे आणि अशी विशेषणे छापू नयेत, असा नियम आपण स्वतःपुरता करून पाहावा, आणि त्या जागेत शनिवारच्या सामन्यात खेळलेल्या दोन्ही संघांचे एकत्र छायाचित्र, सगळ्या मुलांच्या नावांसह छापावे. जाहिरातदार पालक सुरुवातीला कुरकुरतील, पण एका छायाचित्रात बावीस घरांचे मूल असेल तर अंकही कमी खपणार नाही.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर